रिचर्ड ॲलन : गुडघ्यांवरून उठविलेल्या मंडळीचे पाळक

रिचर्ड ॲलन ह्यांचा जन्म १७६० साली फेब्रुवारीच्या १४ व्या तारखेस झाला. आईबाप आफ्रिकी वंशाचे व अमेरिकेत गुलाम. तेव्हा मूलही जन्मतः गुलामच. लहानपणीच धन्याने सारे कुटुंब डेलावेअर प्रांतातील एका शेतकऱ्यास विकले, आणि त्याने पुढे आईस व काही भावंडांस दुसऱ्या कोणास विकून टाकिले. सतराव्या वर्षाच्या सुमारास मेथडिस्ट उपदेशकांचे भाषण ऐकून रिचर्ड प्रभूस शरण गेले. पुढे धन्याच्या घरीही उपदेश झाला, व माणूस बाळगणे पाप आहे अशी टोचणी त्याच्या मनास लागली. तरी त्याने फुकट सोडिले नाही. दोन हजार डॉलर किंमत ठरली. रिचर्ड ह्यांनी लाकडे फोडून, वीटभट्टीवर राबून व मिठाची गाडी हाकून ती फेडिली.

१७८६ साली ते फिलाडेल्फिया शहरी संत जॉर्ज मंडळीत उपदेश करू लागले. त्यांस पहाटे पाचची वेळ मिळाली. काळे लोक थोडे होते तोवर ते इतरांबरोबर बसत. कोणास अडचण नसे. ॲलन ह्यांच्या उपदेशाने त्यांची संख्या वाढली, तसे त्यांस प्रथम भिंतीच्या कडेला व मग माडीवर बसविण्याचे ठरले. मंदिराच्या ह्या कामास काळ्यांनीही पैसा दिला होता. एका रविवारी प्रार्थना चालू असता एका पंचाने ॲब्सलोम जोन्स ह्यांस गुडघ्यांवरून ओढून उठविले; प्रार्थना संपेपर्यंत थांबावे, ही विनंतीही ऐकिली नाही. प्रार्थना संपताच काळे लोक एकजुटीने बाहेर पडले. वाचकहो, प्रीतिभोजनात पूर्वीची जात पाहून वेगळी मांडलेली पंगत मी आपल्या मंडळ्यांतही पाहिली आहे, म्हणून हे लिहिताना मान वर होत नाही.

१७९३ साली शहरात पीतज्वराची साथ येऊन सुमारे पाच हजार माणसे दगावली. काळ्यांस हा ज्वर होत नाही, अशी डॉक्टर बेंजामिन रश ह्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी ॲलन व जोन्स ह्यांच्याकडे मदत मागितली. पोटची मुले बापास टाकून पळत असता ह्या लोकांनी रोग्यांची शुश्रूषा केली व प्रेते पुरली. समजूत खोटी ठरली. आदल्या वर्षी शहरात ६७ काळे पुरले गेले होते. त्या वर्षी ३०५.

साथ ओसरताच मॅथ्यू केरी नामक प्रकाशकाने पुस्तक काढून, काळ्या शुश्रूषकांपैकी काहींनी लूट केली असा आरोप केला. ॲलन व जोन्स ह्यांची त्याने स्तुतीच केली होती. दोघे भले, बाकीचे तसेच, हा डाव किती जुना आहे! दोघांनी ती स्तुती पदरात घेऊन गप्प बसणे नाकारिले. १७९४ साली त्यांनी आपले पुस्तक छापून जमाखर्च मांडिला, आणि लूट करणारे गोरेही होते, मग दोष एकाच वर्णास का, असे विचारिले.

त्याच वर्षी ॲलन ह्यांनी लोहाराची जुनी शाळा घोड्यांकडून ओढवून आपल्या जागेवर आणिली, व तेथे बेथेल मंडळी सुरू झाली. त्या मंदिरावर गोऱ्या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला. १८१६ साली न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी इतर शहरांतील काळ्या मंडळ्या मिळून स्वतंत्र आफ्रिकी मेथडिस्ट मंडळी झाली व ॲलन तिचे पहिले बिशप झाले. ते व पत्नी सारा पळून आलेल्या गुलामांस आश्रय देत. १८३१ साली मार्चच्या २६ व्या तारखेस ते निवर्तले. त्याच जागेवर आज उभ्या असलेल्या बेथेल मंदिराच्या तळघरात त्यांचे थडगे आहे.