माधवराव सप्रे : मातीची टोपली आणि स्वामित्वाची मर्यादा

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण बिलासपुरात गेले व माध्यमिक शिक्षण रायपुरात झाले. घरात मराठी आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी अशा वातावरणात त्यांचा भाषिक पिंड घडला. मराठी वाचक त्यांना प्रामुख्याने ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवादक म्हणून ओळखतात. परंतु जमिनीचे स्वामित्व कोठे संपते आणि तिच्यावर वसलेल्या माणसांचा अधिकार कोठे सुरू होतो, हा प्रश्नही त्यांनी ललित रूपात मांडला होता.

या प्रश्नाची मुळे त्यांच्या प्रदेशातच होती. छत्तीसगढच्या अनेक गावांत पूर्वी लाखाबाटा नावाची रूढी होती. काही वर्षांच्या अंतराने शेतांची फेरवाटणी होई व बऱ्यावाईट मातीचा वाटा सर्वांच्या पदरी पडे. १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाचे स्वामित्व बहाल करण्यात आले. कालपर्यंत सारा गोळा करणारा माणूस कायद्याने मालक ठरला. त्यापुढे कुळांच्या हक्कांसाठी निराळे कायदे करावे लागले. परंतु शेतीचे कूळ नसलेल्या, केवळ झोपडीपुरती जागा असलेल्या माणसास त्यांचा आधार फारसा नव्हता.

शिक्षण संपल्यावर सप्रे बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या जमीनदारीच्या गावी राजकुमाराचे शिक्षक झाले. तेथूनच जानेवारी १९००मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे सहसंपादक व वामनराव लाखे हे प्रकाशक होते. म्हणजे या हिंदी मासिकाच्या उभारणीत मराठी भाषकांचा वाटा मोठा होता. आर्थिक अडचणींमुळे १९०२च्या अखेरीस ते बंद पडले. या अल्प आयुष्यात, १९०१ साली, त्यात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचे नाव आजही घेतले जाते.

कथानक लहान आहे. एका जमीनदारास आपल्या महालाचे आवार शेजारच्या विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. पिढ्यान्‌पिढ्यांची ती जागा सोडण्यास ती तयार नसते. जमीनदार वकिलांना वश करून न्यायालयातून ताबा मिळवितो. पुढे म्हातारी चुलीसाठी तेथील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून देण्याची त्याला विनंती करते. टोपली त्याच्याने हलत नाही. एवढ्याशा मातीचा भार पेलत नसेल, तर साऱ्या जागेचा भार जन्मभर कसा पेलणार, असे ती विचारते आणि जमीनदार झोपडी परत करतो.

या कथेत कायदा मोडला जात नाही. तो जमीनदाराच्या बाजूने बिनचूक चालतो, हेच तिचे मर्म होय. आपल्या भूखंडाचा विस्तार करताना शेजारच्या वस्तीचा विचार करण्याचे बंधन मालकावर नव्हते. म्हणून सप्रे यांना निवाडा न्यायालयातून काढून मालकाच्या अंतःकरणाकडे न्यावा लागला. हा शेवट भाबडा वाटतो खरा, परंतु तो त्या काळच्या कायद्यातील पोकळीही दाखवितो. पुढे नागरीप्रचारिणी सभेच्या विज्ञानकोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा सिद्ध करणाऱ्या या लेखकाला मालमत्तेचा प्रश्न केवळ भावनेचा वाटत असेल, असे मानता येत नाही.

कायद्याने मिळालेले आणि न्यायाने मिळालेले यांतील अंतर त्यांच्या आयुष्यातही आले. १९०७ साली त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. ऑगस्ट १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी क्षमापत्रावर सही केली व ते सुटले. या सुटकेचा सल त्यांच्या मनातून गेला नाही. काही काळ त्यांनी मधुकरी मागून विरक्तपणे दिवस काढले व रामदासी परंपरेत ‘दासबोधा’चे अध्ययन केले. त्यानंतर रायपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथे मुलींची शाळा उभी राहिली, १९२१ साली राष्ट्रीय विद्यालय निघाले, अनाथ मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावाच्या खटल्यात, जमिनीच्या वापराचे विभाग ठरवून मालकाच्या इच्छेला मर्यादा घालण्याचा नगरांचा अधिकार मान्य केला. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच आला होता. मध्य प्रदेशात मालगुजारी १९५१ साली संपली आणि १९७३ साली नगर तथा ग्राम निवेश अधिनियम झाला. २००० साली छत्तीसगढ वेगळे झाल्यावर तो तेथेही चालू राहिला. निवास, व्यापार व उद्योग यांच्या जागा आज रायपुरात आराखड्याने ठरतात. मालकाच्या इच्छेवर बंधन आले, एवढी पोकळी भरली. मात्र निवासी म्हणून रंगविलेल्या भागात पूर्वीपासून कोण राहत आले, हे नकाशाचा रंग सांगत नाही. सप्रे यांच्या म्हातारीचा दावा नेमका तोच होता. त्यामुळे तिची टोपली अद्याप जागची हललेली नाही.