शिकारी राजा आणि राखलेलं रान : राजर्षी शाहू महाराजांची वेगळी ओळख

खरिपाची पेरणी झाली, सोयाबीनला दोन पानं फुटली की जिंतूर, सेलूकडच्या शिवारात हरणांचे कळप उतरतात. रात्रभर जागल केली तरी सकाळी निम्मा तास खुडलेला दिसतो. नेमक्या याच दिवसांत, 26 जूनला, राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते. आरक्षण अन् शाळांमुळे महाराज सगळ्यांना माहीत आहेत. पण ते नामी शिकारीही होते, हे आपल्याकडं कमी लोकांना ठाऊक आहे.

जन्म 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि 1894 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला.

त्या काळी कोल्हापूर चित्त्याच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. माणसाळवलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडं घालून त्याला गाडीत बसवायचं. गाडी काळविटांच्या कळपाजवळ न्यायची अन् टोपडं काढायचं. चित्ता झेप घ्यायचा. वेग मोठा, पण दम कमी. थोड्या अंतरात काळवीट सापडलं तर सापडलं, नाहीतर गेलं. इथं ठासणीच्या बंदुकीत दारू-छरे भरायचं कामच नव्हतं.

शिकारीसाठी रानोमाळ हिंडताना महाराजांना रानातली माणसं जवळून दिसली. त्यात फासेपारधी होते. फास लावून हरीण, तितर धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. इंग्रजांच्या कायद्यानं मात्र अशा जमातींवर जन्मापासून गुन्हेगाराचा शिक्का मारला होता. महाराजांनी त्यांना सोनतळीला आसरा दिला, काम दिलं, पहाऱ्यावरही ठेवलं. ज्यांना गाव चोर म्हणत होतं, त्यांच्यावर राजानं राखणीचा भरवसा टाकला. 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखणारा राजा तो हाच.

दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या राजांचं शिकारीसाठी राखलेलं रान होतं. हेतू शिकारीचा होता, हे खरंच. पण राखल्यामुळं ते रान टिकलं. जवळच राधानगरीचं धरण महाराजांनी सुरू केलं, ते पूर्ण झालं 1957 मध्ये. दुसऱ्याच वर्षी दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं.

6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले. वय अवघं 47. पुढं 1952 मध्ये देशातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट राहिलं, अन् 1972 च्या कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. आता काळवीट मारलं तर किमान 3 वर्षांची कैद आहे. म्हणून पीक गेलं तरी बंदूक, फास किंवा तारेत करंट सोडण्याच्या नादी कुणी लागू नये. तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा.

पण एकट्या शेतकऱ्यानं किती सोसायचं? गायरानं अन् माळ मोडले, तिथलं गवत गेलं, मग हरीण आपल्या तासात येणारच. राजानं आपल्या शिकारीसाठी रान राखलं होतं. आज गावाचं पीक वाचवायचं असेल, तर गावानं निदान गायरान तरी राखायला हवं.