केशवसुत : कवितालेखनाचा स्वाध्याय

गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव बहुतेकांना दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या बामणघळीमुळे ठाऊक असते. हेदवीहून दक्षिणेस तवसाळपर्यंत जावे, तेथून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडावी, आणि जयगडहून किनाऱ्याच्या रस्त्याने पुढे गेले की मालगुंड लागते. याच मालगुंडात १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांचा अभ्यास करतो, ते केशवसुत हेच.

केशवसुतांच्या काव्यविशेषांचा परिचय पाठ्यपुस्तकांतून आपणांस झालेला आहे. येथे त्यांच्या चरित्राकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. लिहिणे शिकता येते काय, आणि येत असल्यास ते कोठे व कसे शिकले जाते, हा तो प्रश्न. आज इंग्रजी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला अनेक विद्यापीठांत सर्जनशील लेखनाची अभ्यासपत्रिका घेता येते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखकांसाठी कार्यशाळा सुरू केली, तेव्हापासून या शिक्षणाला एक ठरावीक रूप आले. विद्यार्थी लिहितो, सहाध्यायी वाचतात, शिक्षक दोष दाखवितात, विद्यार्थी पुन्हा लिहितो. केशवसुतांच्या वाट्याला असा वर्ग आला नाही. वर्ग तर राहोच, महाविद्यालयाची पायरीही त्यांना चढता आली नाही.

वडील केसोपंत हे शिक्षक. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. कृष्णाजींचे प्राथमिक शिक्षण खेड येथे झाले. पुढील शिक्षणासाठी बडोदा, वर्धा, नागपूर अशी नातलगांच्या आधाराने भ्रमंती झाली. नागपुरात त्यांचा नारायण वामन टिळकांशी परिचय झाला. हेच पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्धीस आले. दरम्यान, त्या काळच्या रीतीप्रमाणे, लहान वयातच कृष्णाजींचे लग्नही झाले होते. शेवटी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले आणि १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक ही त्या काळी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. म्हणजे विद्यापीठाचे दार उघडले आणि केशवसुत त्याच दारातून माघारी फिरले. कारण घर चालविण्यासाठी नोकरी धरणे भाग होते. नोकरी, संसार आणि परीक्षा यांची ओढाताण आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. त्यामुळे तेविसाव्या वर्षीच्या मॅट्रिकचा अर्थ आपणांस अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केशवसुत महाविद्यालयात गेले असते तरी त्यांना मराठी शिकता आली नसती. मुंबई विद्यापीठाच्या पदवीपरीक्षेत त्या काळी मराठीला स्थान नव्हते. साहित्य म्हणजे इंग्रजी किंवा संस्कृत, अशीच व्यवस्था होती. मराठीत काव्य करू पाहणाऱ्या तरुणाला कवितेचे शिक्षण इंग्रजीच्या द्वाराच घ्यावे लागे, आणि ते मराठीत कसे उतरवायचे हे त्याचे त्यानेच ठरवायचे होते.

त्या पिढीच्या शाळकरी मुलांच्या हाती परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये सिद्ध केलेला नवनीत हा जुन्या मराठी कवितेचा संग्रह असे. इंग्रजी शिकलेल्यांच्या हाती पालग्रेव्हने १८६१ मध्ये संपादिलेली गोल्डन ट्रेझरी येई. केशवसुतांची घडण या दोन प्रकारच्या वाचनांच्या मध्ये झाली असे म्हणता येईल. एकीकडे मोरोपंत, वामनपंडित यांच्या वृत्तबद्ध रचना. दुसरीकडे वर्डस्वर्थ, शेली, कीट्स यांची, एका व्यक्तीच्या एका क्षणाच्या अनुभवातून उमललेली छोटी कविता. आरंभी, १८८५च्या सुमारास, त्यांनी कालिदासाच्या रघुवंशातील काही भागाचे मराठी रूपांतर केले. पुढे इंग्रजी कवितांचीही रूपांतरे केली. चरित्रकार या रूपांतरांचा उल्लेख बहुधा उमेदवारीचे लेखन म्हणून करून पुढे जातात. मला ते घाईचे वाटते. रूपांतर करताना मूळ कवीने कोणता शब्द का निवडला, ओळ कोठे मोडली, विचाराला वळण कोठे दिले, हे सारे उलगडावे लागते. आजच्या कार्यशाळेत शिक्षक जे करवून घेतो, ते केशवसुत कोणी न सांगता करीत होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सुनीत. १८९२ साली लिहिलेली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता मराठीतील पहिले सुनीत मानली जाते. केशवसुत या रचनेला चतुर्दशक म्हणत. सुनीत ही संज्ञा पुढे रूढ झाली. चौदा ओळी मोजून लिहिणे अवघड नाही. अडचण अन्यत्र होती. इंग्रजी सॉनेटची ओळ आघातांवर चालते. मराठीत शब्दांवरील आघाताला तसे छंदोघटक म्हणून स्थान नाही. आपल्या वृत्तांत लघू-गुरूंचा क्रम चालतो. शिवाय आपला श्लोक चार चरणांत पूर्ण होतो, आणि चौथ्या चरणाअखेर अर्थही थांबावा अशी कानाला शतकानुशतकांची सवय. सॉनेटमध्ये मात्र विचार आठ ओळी चढत जातो आणि मग उरलेल्या सहा ओळींत वळतो. म्हणजे श्लोकाची चौकट मोडायची आणि वृत्ताचा डौल मात्र राखायचा, असे दुहेरी काम होते. फैजपूरच्या काळातील ‘आम्ही कोण?’ या सुनीतासाठी त्यांनी शार्दूलविक्रीडित योजले. एकोणीस अक्षरांची ही ओळ, बाराव्या अक्षरावर यती. प्रश्न विचारून क्षणभर थांबायला आणि मग उत्तर देत सुटायला तिच्यात ऐसपैस जागा आहे. विद्यार्थ्यांनी ही कविता मोठ्याने म्हणून पाहावी, म्हणजे यतीचे काम कानाला कळेल.

उसनवारीची शंका येथे काही जण घेतात. केशवसुतांनी इंग्रजी कवितेचे अनुकरण केले, एवढेच खरे असते तर आज त्यांच्यावर घटक लिहिण्याचे कारण उरले नसते. ‘झपूर्झा’ (१८९३) पाहा. कवीच्या समाधिसदृश अवस्थेविषयीची ही कविता आशयाने इंग्रजी स्वच्छंदतावादी कवींच्या जवळची आहे. परंतु तिचे पालुपद मुलींच्या झिम्म्याफुगडीच्या खेळातील बोलांवरून घडलेले आहे. कोशात अर्थ न सापडणारा एक ध्वनी कवितेच्या मध्यभागी ठेवण्याचे धैर्य गोल्डन ट्रेझरी वाचून आले असेल. तो ध्वनी मात्र अंगणातला आहे. तत्कालीन वाचकांना ही कविता दुर्बोध वाटली, यात नवल नाही. त्याच वर्षीच्या ‘तुतारी’त सामाजिक बंडाची भाषा आली. त्याआधीच, मॅट्रिकच्या आसपासच्या वर्षांत, ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ या कविता लिहून झाल्या होत्या. आगरकरांच्या सुधारकी विचारांचे पुणे त्यांनी विद्यार्थिदशेत जवळून पाहिले होते, त्याचा हा परिणाम.

वर्ग नसला तरी वाचक लाभले, हे केशवसुतांचे भाग्य. हरिभाऊ आपटे यांचे ‘करमणूक’, जळगावची ‘काव्यरत्नावली’, पुढे ‘मनोरंजन’ या नियतकालिकांनी त्यांच्या कविता छापल्या. कविमित्रांशी पत्रव्यवहार होता. नियतकालिकाचा संपादक आणि दूरचा मित्र हेच त्यांचे सहाध्यायी. आपल्या अध्ययनपद्धतीशी याचे असलेले साम्य आपल्या लक्षात आले असेलच.

तथापि या चरित्राला गोड मुलामा देऊ नये. पदवी नसण्याची किंमत केशवसुतांनी आयुष्यभर मोजली. मुंबईत खाजगी व मिशनच्या शाळांतून अल्प वेतनावर, अस्थिर अशा शिक्षकाच्या नोकऱ्या केल्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर ते खानदेशात गेले, फैजपूरच्या शाळेत मुख्याध्यापक झाले आणि १९०४ साली धारवाडच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. वीस वर्षांच्या लेखनातून हाती आलेल्या कविता सव्वाशेच्या थोड्या पुढे जातात. त्यांतील काही ओळी खडबडीत आहेत, काही ठिकाणी वृत्तासाठी शब्द ताणलेले आहेत. टीकाकारांनी हे दोष दाखविले ते योग्यच. पण शाळेतील तास, शिकवण्या आणि बिऱ्हाडाच्या बदल्या यांतून उरलेल्या वेळात हे पुनर्लेखन चालले होते, हेही नोंदवले पाहिजे. निवांत वेळ मिळाला असता तर कविता अधिक घोटीव झाली असती, असे माझे मत आहे. काहींना हा खडबडीतपणाच नव्या कवितेचा गुण वाटतो. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू तपासाव्यात.

याच फैजपुरात १९०९ साली बा. सी. मर्ढेकरांचा जन्म झाला, हा योगायोग अभ्यासकांना नेहमी मोह घालतो. मर्ढेकरांनी फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी घेऊन पदवी मिळविली, इंग्लंड पाहिले, इंग्रजीचे अध्यापनही केले. केशवसुतांना जे दाराबाहेरून ऐकावे लागले, ते मर्ढेकरांना आत बसून ऐकता आले. मराठी कवितेची दोन मोठी वळणे या दोघांच्या नावावर आहेत.

आणखी एक प्रकाश घरातच होता. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले हे मराठीचे थोर व्याकरणकार. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले आणि आजही भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ते बाजूस ठेवता येत नाही. एका भावाने मराठीचे नियम शोधले, दुसऱ्याने त्या नियमांना कोठवर वाकवता येते ते पाहिले. या दोन भावांचे आपसात भाषेविषयी काय बोलणे होत असेल, याची कल्पना मी वर्गात अनेकदा विद्यार्थ्यांना करावयास सांगतो. उत्तरे दरवर्षी वेगळी येतात.

१९०५च्या नोव्हेंबरात केशवसुत हुबळीस गेले असता आजारी पडले आणि ७ तारखेला त्यांचे तेथेच निधन झाले. वय चाळिशीच्या आत. पाठोपाठ काही दिवसांत पत्नी रुक्मिणीबाईही गेल्या. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. कविता नियतकालिकांच्या जुन्या अंकांत आणि वह्यांत विखुरलेल्या होत्या. त्या गोळा करून ‘केशवसुतांची कविता’ हे पुस्तक १९१७ साली प्रसिद्ध केले, ते हरिभाऊ आपटे यांनी. पुष्कळ कवितांखाली लेखनाचे स्थळ व दिनांक नोंदलेले आहेत. संग्रह हाती आल्यावर प्रथम अनुक्रमणिकेप्रमाणे न वाचता या दिनांकांच्या क्रमाने वाचावा, आणि प्रत्येक कवितेत मागच्या कवितेपेक्षा कोणती नवी गोष्ट करून पाहिली आहे ते समासात लिहीत जावे.