मित्र आगरकर

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटला की लोकमान्य टिळकांचे नाव प्रथम येते. यंदा स्मरणिकेसाठी मी त्यांच्या मित्राविषयी लिहीत आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळ टेंभू येथे झाला. टिळक त्यांच्यापेक्षा अवघे नऊ दिवसांनी लहान. आगरकरांची घरची परिस्थिती हलाखीची होती. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरावे लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली. सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आगरकरांनी आईला पत्राने कळवून टाकले.

१८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. तिथेही त्यांचे वाद चालतच, पण मैत्रीला तडा गेला नाही.

पुढे मात्र गेला. आधी समाजसुधारणा, असे आगरकरांचे मत. आधी राजकीय हक्क, असे टिळकांचे. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पत्रांतून टीका वैयक्तिक पातळीवर उतरली. विरोधकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दम्याने पोखरलेले शरीर साथ देईना. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले. 'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तो सांगताना त्यांना वारंवार भरून येत होते, असे म्हणतात. पण ते पाहायला मित्र उरला नव्हता.

मी रुळांवर काम करणारा माणूस. फिशप्लेटने जोडलेल्या दोन रुळांत थोडी फट ठेवावीच लागते. नाहीतर उन्हाळ्यात रूळ वाकतात. फट फार वाढली तर चाकांचे हादरे बसून सांधा खिळखिळा होतो. म्हणून आम्ही ती वरचेवर मोजतो. मैत्रीतही मतांचे अंतर असावे, पण ते किती वाढले आहे याकडे लक्ष हवे.

आपण इथे गावापासून दूर, मोजकीच मराठी घरे आणि जिव्हाळ्याचे इतर भाषिक सहकारी. वर्गणी, कार्यक्रम यांवरून मीटिंगमध्ये आवाज चढतो, ते चालायचेच. पण त्यानंतर काही घरे आरतीला यायची बंद होतात, याचे वाईट वाटते. टिळक-आगरकरांचा वाद निदान देशाच्या प्रश्नांवर होता. आपला तर मांडव आणि ऑर्केस्ट्रा यांवरचा! या दहा दिवसांत ज्यांच्याशी बोलणे थांबले आहे, त्यांच्या घरी प्रसाद घेऊन स्वतः जावे, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!