पाठीतला रॉड

मेटल फटीग म्हटलं की आपल्याला रेल्वेचे ॲक्सल आठवतात, नाहीतर हवेत फुटलेली कॉमेट विमानं. सेमिनारसाठी टॉपिक शोधताना मला आणखी एक उदाहरण सापडलं, आणि ते होतं चक्क लहान मुलांच्या पाठीत! ते धातूचं काम ज्यांनी पाठीत बसवलं, त्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याबद्दल मी वाचत गेले. मेडिकलवाल्यांना हे नाव पाठ असतं. आपल्या कॉलेजात ते कुणाच्या तोंडी नाही, पण माझ्या मते हा माणूस अर्धा आपल्यातलाच होता.

त्यांचा जन्म १९११ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात झाला. कॅन्सस युनिव्हर्सिटीत शिकताना ते बास्केटबॉलही खेळले (आपल्याकडे टीममध्ये असणाऱ्यांची अटेंडन्स कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे). डॉक्टर झाले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात हाडांचे सर्जन म्हणून काम केलं आणि युद्धानंतर टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहरात आले. इथपर्यंत काही विशेष नाही.

विशेष सुरू होतं ते पोलिओपासून. त्या काळात पोलिओची लस नव्हती. ती आली १९५५ साली. पोलिओ झालेल्या मुलांच्या पाठीचे स्नायू एका बाजूला जास्त लुळे पडायचे. मग कण्याला दोन्हीकडून सारखा ताण मिळायचा नाही आणि तो एका कुशीवर वाकत जायचा. यालाच स्कोलिओसिस म्हणतात. (पोलिओ नसतानाही तो होतो, आणि पुष्कळदा का होतो ते कळत नाही.) कणा नुसता वाकत नाही, पिळतोही. त्याबरोबर बरगड्या फिरतात आणि फुफ्फुसांना जागा उरत नाही. तेव्हाचा उपाय म्हणजे मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. पण ज्या मुलांना मुळातच श्वास घेणं जड जात होतं, त्यांची छाती प्लास्टरमध्ये आवळायची कशी? कणा सरळ करायला जावं तर श्वास अडकतो, आणि तसंच सोडावं तरी काही वर्षांनी तेच.

हॅरिंग्टन यांनी विचार केला की आधार बाहेरून देता येत नसेल तर आतून द्यावा. १९४७ च्या सुमारास त्यांनी मणक्यांच्या सांध्यांमध्ये स्क्रू घालून पाहिले. कणा टेबलावर सरळ झाला, पण काही महिन्यांत पुन्हा वाकला. मग आले हुक आणि स्टीलचा रॉड. बाक जिथे आत जातो त्या बाजूला वरच्या आणि खालच्या मणक्यात एकेक हुक अडकवायचा आणि मध्ये रॉड. रॉडच्या वरच्या टोकाला खाचा, म्हणजे रॅचेट. एकेक खाच पुढे सरकवली की दोन हुक लांब जातात आणि कणा ताणला जातो. गाडीचा जॅक आठवा, तत्त्व साधारण तेच.

सुरुवातीला त्यांची कल्पना अशी होती की रॉडच कणा धरून ठेवेल, मणके एकमेकांना जोडायची (म्हणजे फ्यूजन करायची) गरज नाही. इथेच सगळं फसायला लागलं. हुक हाडातून निसटायचे, रॉड तुटायचे. तुटायचे तेही बहुतेक ठराविक जागी, जिथे खाचा संपून गुळगुळीत भाग सुरू होतो तिथे. आपल्या सेकंड इयरच्या पोराने सुद्धा सांगितलं असतं, स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन! पण तिथे टेस्ट पीस मोडत नव्हता, मूल पुन्हा टेबलावर येत होतं. मूल चालतं, वाकतं, बसतं, उठतं, आणि प्रत्येक वेळी एक सायकल मोजली जाते. रॉड कितीही जाड केला तरी कधीतरी थकणारच.

मला हॅरिंग्टन आवडले ते यापुढच्या गोष्टीसाठी. आपलीच मूळ कल्पना त्यांनी सोडली. फ्यूजन न्यूयॉर्कच्या डॉ. हिब्ज यांनी १९११ पासूनच सुरू केलेलं होतं. हॅरिंग्टन यांनी ते रॉडला जोडलं. धातू थकायच्या आत हाड जुळलं पाहिजे, अशी ती शर्यत. रॉड फक्त तोवर तग धरण्यापुरता. १९६२ साली त्यांनी हे सगळं छापलं आणि रॉड जगभर गेला. १९६६ साली स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

पण धोके संपले नव्हते. सगळ्यात भयंकर म्हणजे कणा ताणताना आतला मज्जारज्जूही ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो आणि चालत आलेलं मूल पाय लुळे होऊन जागं होतं. हे क्वचित व्हायचं, पण ज्याचं मूल त्याला टक्केवारी काय सांगणार? १९७३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी यावर एक धाडसी उपाय छापला. पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची आणि मुलाला आधी हात, मग पाय हलवायला सांगायचं. हात हलले आणि पाय नाही, तर रॉड लगेच सैल करायचा. आता इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूचे सिग्नल ऑपरेशनभर बघतात.

बाकीचे दोष सावकाश दिसले. कमरेजवळ कण्याला नैसर्गिक आतला बाक असतो. रॉड खाली कमरेपर्यंत नेला की तो बाकही सपाट व्हायचा, आणि पुढे काही वर्षांनी ती माणसं पुढे झुकून चालायला लागायची. फारच लहान मुलांचं पाठीमागून फ्यूजन केलं तर मागची बाजू थांबते, पुढची वाढत राहते आणि कणा पुन्हा पिळतो. १९८९ साली त्याला जे नाव मिळालं ते ऐकून मेकॅनिकलवाले खूश होतील: क्रँकशाफ्ट!

हॅरिंग्टन १९८० साली गेले. नंतर फ्रान्समधून दोन रॉड आणि पुष्कळ हुकांची पद्धत आली, मग मणक्यात घट्ट बसणारे स्क्रू आले. त्यांत कणा नुसता ताणत नाहीत, वळवून आकारात आणतात. हॅरिंग्टनचा रॉड आता नव्याने कुणी बसवत नाही. मात्र तेव्हा शाळेत असलेली आणि आज साठी-सत्तरीला आलेली माणसं एक्स-रे काढायला गेली की फिल्मवर तो अजून दिसतो, वरच्या टोकाच्या खाचांसकट.