पैशापूर्वी विश्वास मिळविणारे महर्षी : कै. अण्णासाहेब कर्वे

हैदराबादच्या तारनाका भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना उस्मानिया विद्यापीठाचा परिसर हा घरच्या अंगणासारखा परिचित आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठामागे निजामाचे फर्मान आणि संस्थानचा खजिना उभा होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१६ साली, पुण्याजवळच्या हिंगणे येथे आणखी एक विद्यापीठ जन्मास आले. त्याच्यामागे ना राजा होता, ना खजिना. होते ते एक मितभाषी गणिताचे प्राध्यापक आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून पै-पैसा देणारी सामान्य माणसे. ते प्राध्यापक म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. देवस्थान असो वा विद्यालय, लोकांच्या दानावर चालणाऱ्या संस्थेची धुरा वाहणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य मनन करावे असे आहे.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरूड. घरची स्थिती बेताची, परंतु स्वाभिमान मोठा. गावातील सोमण गुरुजींच्या सहवासात सार्वजनिक कार्याचे पहिले धडे त्यांनी गिरविले. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या ग्रामस्थांना हा लाजाळू मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. पुढे परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैलांची पायपीट करून ते सातारला पोचले, तेव्हा वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. तरीही हिंमत न हरता त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. गावाच्या भल्यासाठी मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतील अल्प हिस्सा बाजूस काढावा, या विचाराने त्यांनी मुरूड फंड उभा केला. पुढच्या सर्व कार्याचे बीज या छोट्या फंडात होते.

१८९१ साली नामदार गोखल्यांच्या सूचनेवरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया, म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहाने मुरूड गाव खवळले. कर्व्यांना थारा दिल्यास त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकावे, येथपर्यंत मजल गेली. ज्या गावासाठी फंड उभारला, त्याच गावात स्वतःच्या घरी उतरण्याची सोय त्यांना उरली नाही.

अशा बहिष्कृत माणसाने १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे ज्येष्ठ पुरुष पाठीशी उभे राहिले. अण्णांनी स्वतःच्या शिलकेतील एक हजार रुपये प्रथम दिले. पुढे आयुष्याच्या विम्याचा कागदही त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केला. महिना पंच्याहत्तर रुपयांत प्रपंच चालविणाऱ्या बायांना या त्यागाचे दुःख झाले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्याच बायांनी पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. ज्याने आपल्या घरातले आधी दिले, त्याला परक्याच्या दारी मागण्याचा अधिकार असतो, हा अण्णांच्या जीवनातला पहिला धडा होय.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. दान देण्याची ऐपत असलेली बहुतेक मंडळी जुन्या मताची होती. पुनर्विवाह त्यांना मान्य नव्हता, परंतु घरोघरी कोपऱ्यात बसलेल्या विधवा मुलीचे दुःख त्यांनाही डाचत होते. अण्णांनी हे दुःख ओळखले. पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्यांनी आश्रम अलग ठेवला आणि विधवांना शिकवून स्वावलंबी करणे एवढेच त्याचे कार्य ठरविले. स्वतःचे मत त्यांनी कधी लपविले नाही, तसेच दात्यावर ते लादलेही नाही. यामुळे सुधारकांचा थोडा रोष आणि सनातन्यांचा बराच संशय त्यांना सहन करावा लागला. पण आश्रमाचे दार सर्वांच्या दानास मोकळे राहिले.

१९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तेथे साधी झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील अध्यापन संपवून अण्णा रोज चिखलमातीची वाट तुडवीत, आश्रमास लागणारे सामान वाहून नेत. ज्याच्या हाती पैसा द्यावयाचा तो माणूस कसा राहतो, हे पुणेकर उघड्या डोळ्यांनी पाहत होते. त्यासाठी वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती.

अण्णा वक्ते नव्हते. ही उणीव बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी भरून काढली. अकाली वैधव्य आलेल्या पार्वतीबाई आश्रमातच शिकल्या. केशवपन केलेल्या वेषात त्या गावोगाव हिंडल्या आणि आपल्या अनुभवाच्या साध्या शब्दांत बोलल्या. स्वतः दुःख भोगलेल्या स्त्रीचे बोलणे ऐकून कर्मठ घरांतील स्त्रियांनीही मदतीचा हात पुढे केला. १९१८ ते १९२० या काळात त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी दिवस काढले.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि वर्षभरात ती अमलात आणली. पैशाची चणचण नित्याचीच होती. त्यासाठी ते देशभर फिरले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानचा प्रवास केला, तेथील महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले.

परंतु लाखांची देणगी आली म्हणून रुपयाच्या देणगीची किंमत अण्णांच्या लेखी कमी झाली नाही. त्याच सुमारास हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा सुरू केली. दिवाळीत बहिणीला ओवाळणी घालावी, तसा प्रत्येकाने या अनाथ भगिनींसाठी रुपया द्यावा, ही त्यामागील भावना. देणारा उपकारकर्ता राहिला नाही, तो भाऊ झाला. ज्याला नाते कळले त्याला पुढल्या वर्षी आठवण द्यावी लागत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर अण्णांनी युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेचा प्रवास केला. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. सत्तर रुपयांच्या निवृत्तिवेतनातून दरमहा पंधरा रुपये प्रथम स्वतः दिले आणि मग ते पुण्याच्या घरोघर वर्गणीसाठी फिरू लागले. चाळीस वर्षांपूर्वीचाच क्रम : आधी आपले, मग इतरांचे. १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा किताब देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, ही दीर्घ तपश्चर्या समाप्त झाली.

देवापुढे ठेवलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न महाजनांना पडत नाही. तो देवाचा असतो आणि आपण त्याचे केवळ राखणदार असतो. अण्णासाहेबांनी प्रत्येक वर्गणीदाराचा पैसा याच भावनेने सांभाळला. ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकले, त्याच समाजाने त्यांच्या झोळीत आपली पुंजी ठेवली. मने न दुखविता मागणे आणि घेतलेल्याचे सोने करून दाखविणे, ही त्यांची खरी ठेव आज आपल्या हाती आहे.