कारखान्यातील गुरुजी

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव. येथील जनावरांच्या बाजारात आजूबाजूच्या खेड्यांतून शेतकरी येतात. बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगणारी, चालीवरून त्याचे गुण ओळखणारी ही जाणती माणसे. अशा माणसाला एखादी नवी गोष्ट शिकवायची झाली, तर ती कशी शिकवावी? लहान मुलाला गुरुजी सांगतात व ते ऐकते. पण ज्याचे अर्धे आयुष्य शेतात किंवा भात्यापुढे गेले आहे, तो केवळ सांगितल्याने ऐकत नाही. चारचौघांत आपली चूक होईल याचा त्याला संकोच वाटतो; आणि आपल्या अनुभवाचा कोणी अनादर केला, तर तो मनाचे दारच लावून घेतो. मोठ्या माणसांना शिकविण्याचे हे अवघड काम ज्यांनी आपल्या कारखान्यात आयुष्यभर केले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही कथा आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत त्यांचे मन अधिक रमे. १८८५ साली, वडिलांची इच्छा नसतानाही, वडीलबंधू रामूअण्णांच्या आधारावर ते मुंबईस चित्रकला शिकण्यासाठी जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु दोन वर्षांनी एक कठोर सत्य उघडकीस आले. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नव्हता. रंगांचा भेद न कळणाऱ्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा तरुण निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

शिक्षक झाल्यावरही त्यांच्यातील विद्यार्थी जागाच होता. वर्गाचे काम आटोपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात. यंत्रांवर हाताने काम करून त्यांनी त्या विद्येत प्रावीण्य मिळविले. फळ्यावरील आकृती आणि हातातील लोखंड यांत केवढे अंतर असते, हे त्यांना तेथे उमगले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय स्वाभिमानी लक्ष्मणरावांना सहन झाला नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. त्यांची वर्गखोली सुटली, पण शिक्षकी सुटली नाही.

बेळगावात रामूअण्णांच्या साह्याने सायकलींचे दुकान १८८८ सालीच सुरू झालेले होते. त्या काळी सायकल ही मोठी नवलाईची वस्तू होती. ती नुसती विकून भागत नसे, कारण घेणाऱ्याला ती चालविता येत नसे. म्हणून किर्लोस्कर बंधूंच्या दुकानात १५ रुपये घेऊन सायकल शिकविण्याचीही सोय होती. सायकल शिकविणे हा मोठ्या माणसांना शिकविण्याचा उत्तम धडा आहे. तोल कसा सांभाळावा हे कितीही वेळ सांगितले, तरी ऐकणाऱ्याला सायकल येत नाही. त्याला तिच्यावर बसवावे लागते. प्रथम मागून आधार द्यावा लागतो आणि योग्य क्षणी तो हात काढून घ्यावा लागतो. हात फार लवकर काढला तर शिकणारा पडतो. काढलाच नाही तर तो कधी शिकतच नाही.

याहून कठीण परीक्षा पुढेच होती. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर घडविला. लाकडी नांगराने जमीन नुसती उकरली जाते. लोखंडी नांगर खोल जातो, मातीचा थर उलथा करतो आणि हरळीसारखे चिवट तण मुळासकट उपटून काढतो. नांगर उपयोगी होता यात शंका नव्हती. पण लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होईल आणि पीक येणार नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तयार नांगर तसेच पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हिणविता आले असते. परंतु त्याने एकही नांगर विकला गेला नसता. शेतकऱ्याची शंका ही त्याच्या पोटाची शंका असते. एका हंगामाचे पीक बुडाले, तर त्याच्या घरी वर्षभर चूल कशी पेटावी? अशी शंका व्याख्यानाने फिटत नाही. ती त्याच्याच रानात, त्याच्याच बैलांमागे, त्याच्याच डोळ्यांसमोर फिटावी लागते. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पुढे त्यांचा नांगर गावोगाव पोहोचला आणि शेतकरी त्याला किर्लोस्कर नांगर या नावानेच ओळखू लागले.

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेस कारखान्याची जागा हवी झाली व तेथून उठावे लागले. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचा माळ आणि बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा तेथे निवडुंग माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. निवडुंग तोडता येईल, पण यंत्रे चालविणारे कसबी हात त्या ओसाड माळावर कोठून आणावेत?

लक्ष्मणरावांनी ते हात तेथेच घडविले. माणूस निवडताना त्यांनी प्रमाणपत्रापेक्षा अंगचा गुण पाहिला. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, परंतु त्यांची कल्पनाशक्ती तीव्र होती. लक्ष्मणरावांच्या हाताखाली ते नामांकित तंत्रज्ञ झाले. शंभोराव जांभेकरांच्या यंत्रकौशल्यालाही वाडीत वाव मिळाला. दरोडेखोरीबद्दल शिक्षा झालेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम दिले, आणि तीच माणसे वाडीची विश्वासू राखणदार झाली. वाडीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे असे कळले की माणसाला शिकण्याची ओढ आपोआप लागते. म्हणूनच त्या माळावर नांगरांबरोबर उसाचे चरक आणि पाण्याचे पंपही तयार होऊ लागले.

हे लोखंडी नांगर विकण्यासाठी एक उमदा तरुण खेडोपाडी फिरत असे. तो पेठ वडगावजवळच्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेला होता. त्याचे नाव भाऊराव पाटील. या भटकंतीत त्यांनी खेड्यातील अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यातीलच शिक्षक तयार केले पाहिजेत, हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. विद्यार्थ्याने स्वतःच्या श्रमांवर शिकावे, हा त्यांचा बाणा होता. लोक त्यांना कर्मवीर म्हणू लागले. एकाने कारखान्यात आणि दुसऱ्याने शाळेत, पण दोघांनीही श्रम करणाऱ्या हातांना विद्येची जोड दिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. लोक त्यांना थोर उद्योजक म्हणून ओळखतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या यशाच्या मुळाशी एक शिक्षक होता. ज्याला स्वतःला रंग ओळखता आले नाहीत, त्याने माणसे मात्र अचूक ओळखली.

मुलांनो, तुम्हांलाही कधी घरातील मोठ्या माणसांना एखादी नवी वस्तू वापरण्यास शिकविण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी आपण चटकन ती वस्तू त्यांच्या हातून घेतो आणि स्वतःच काम उरकून टाकतो. तसे करू नये. वस्तू त्यांच्याच हातात राहू द्यावी, चुकले तर हसू नये आणि जमले की हळूच आपला हात काढून घ्यावा. निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारणाऱ्या त्या गुरुजींचा धडा याहून वेगळा नव्हता.